आधी स्लॅब वाजवून बघा, मग भिंत पाडा

प्रश्न: आमचं घर ४० वर्षांपूर्वीचं, बैठं. बाहेरून साधारण २२ फूट रुंद आणि २३ फूट खोल. पुढे शेजारी-शेजारी हॉल आणि स्वयंपाकघर, दोन्ही १० बाय १२, मध्ये १२ फुटांची भिंत. मागे एक झोपायची खोली आणि न्हाणीघर-संडास. सगळ्या भिंती ९ इंची विटांच्या, वर स्लॅब, कॉलम कुठेच नाहीत. मागे १८ फूट मोकळी जागा आहे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-वडील. वडिलांचे गुडघे धड नाहीत. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढून एक मोठी खोली करावी, वर एक मजला चढवावा, असा विचार आहे. गवंडी म्हणतो, भिंत काढून गर्डर टाकू. ठेकेदार म्हणतो, चार कोपऱ्यांत कॉलम उभे केले की वर काय हवं ते बांधा. स्वयंपाकघराच्या छताला एका जागी सळई उघडी पडली आहे, झोपायच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे आणि भिंतींना गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा धरतो. सुरुवात कुठून करावी? की पाडून नवंच बांधावं?

उत्तर: थेट सांगतो. जुन्या भिंतींवर विटा-स्लॅबचा मजला चढवू नका. मागच्या जागेत स्वतंत्र पायावर वाढीव भाग बांधा आणि त्याचे कॉलम उद्या मजला पेलतील असे आजच करून घ्या. मधल्या भिंतीत पूर्ण १२ फूट मोकळे करण्याऐवजी ८ फुटांचं तोंड पाडा. मात्र हे सगळं स्लॅब धड असेल तर. ती सडलेली निघाली, तर बाकीचा बेत तिथेच थांबतो, म्हणून सुरुवात छतापासून.

एक शिडी, अर्ध्या किलोची हातोडी आणि खडू घ्या. छतावर फुटाफुटाच्या चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत हलके ठोके मारा. चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं भदभद वाजतं. भदभद वाजेल तिथे फुली मारा. तासाभरात अख्ख्या छताचा नकाशा तयार होतो. फुल्या न्हाणीघराच्या बाजूला किंवा गच्चीच्या पाइपाखाली एकत्र जमल्या असतील तर कारण गळती आहे आणि दुरुस्ती आवाक्यातली आहे. छतभर विखुरल्या असतील तर काँक्रीटच जुनं झालं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि सळईला गंजापासून जपणारा त्यातला क्षारपणा संपत येतो. हे तपासायला ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. गुलाबी झालं तर क्षारपणा शिल्लक आहे. सळईच्या खोलीपर्यंत रंगच आला नाही, तर ती सळई आता उघड्यावर असल्यासारखीच आहे.

उघडी पडलेली सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा आणि व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या चिमट्याने) मोजा. या एका मोजमापावर बरंच ठरतं. मूळ ८ मिमीची सळई ७ मिमी भरली तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण ताकद व्यासाच्या वर्गावर जाते: ६४ चे ४९ राहिले, म्हणजे जवळपास २३ टक्के लोखंड गेलं. पाव हिस्सा गेला की तिथे शेजारी नवी सळई जोडावीच लागते. दुरुस्ती करताना सुटलेलं काँक्रीट काढून सळईच्या मागेही पाऊण इंच मोकळं करायचं, गंज पूर्ण घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा, जुन्या काँक्रीटवर नवं चिकटावं म्हणून बाँडिंग कोट लावायचा आणि तो ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला मॉर्टर थराथराने भरायचा. बहुतेक ठिकाणी सळईचा फक्त दिसणारा भाग घासून वरून गिलावा मारतात. मागचा गंज तसाच राहतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांत तोच गिलावा पोपड्यासकट खाली येतो. गवंड्याने «केमिकल मारून देतो» म्हटलं, तर कुठलं केमिकल आणि सळईच्या कोणत्या बाजूला, एवढं विचारा.

आमचा ठोकताळा असा: फुल्या छताच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी आणि सळया मूळ मापाच्या जवळ असतील, तर दुरुस्ती करावी. निम्म्याहून जास्त छत भदभदत असेल, तर पाडून नवं बांधण्याचा विचार करा, कारण तेवढ्या दुरुस्तीत नव्या स्लॅबचा खर्च निघतो. मधल्या अवस्थेत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून रिबाउंड हॅमर (ठोक्याच्या उसळीवरून ताकद), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतल्या पोकळ्या) आणि गरज पडल्यास कोअर (काँक्रीटचा नळकांडीसारखा नमुना कापून) अशा चाचण्या करून घ्या. त्या चाचण्यांवरचा पैसा वाचवू नका.

छत खालून सुधारलं आणि गच्चीवरचं पाणी तसंच राहिलं तर काही उपयोग नाही. वर किती कोबे, म्हणजे गळती रोखायला घातलेले विटांच्या तुकड्यांचे थर, आहेत ते बघा. जुन्या घरांत पहिला गळला म्हणून त्यावर दुसरा, मग कधीतरी तिसरा असे थर चढलेले असतात. विटांच्या तुकड्यांच्या ४ इंची कोब्याचं वजन दर चौरस फुटाला १८ किलोच्या आसपास भरतं. दोन थर म्हणजे ३६ किलो. ५ इंची स्लॅब स्वतः ३० किलोची. म्हणजे स्लॅब स्वतःपेक्षा जास्त ओझं वाहते आहे आणि त्यातलं निम्मं निरुपयोगी आहे. जुने थर काढा, पण घणाने नाही. छोट्या ब्रेकरने वा छिन्नीने काढा आणि राडारोडा गच्चीच्या मध्यभागी साठू देऊ नका. मग १०० ला १ एवढा उतार, कठड्याच्या कडेने २ ते ३ इंचांचा वाटा (कोपरा भरून केलेली गोलाई) आणि वाट्यावरून कठड्यावर किमान फूटभर चढवलेलं वॉटरप्रूफिंग. पाणी सपाट भागातून क्वचित गळतं. ते कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून किंवा पाइपाच्या तोंडाशी उतरतं. शेवटी पाइप बंद करून इंचभर पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खाली छत बघा. टाइल ही परीक्षा पास झाल्यावरच लावा.

आता तिरपी भेग. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग बहुतेक वेळा पायाच्या एका भागाच्या खचण्याची असते. स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग असती, तर ती उन्हाने स्लॅब लांब-आखूड होण्याची मानता आली असती आणि एवढी काळजी नव्हती. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक फुल्या काढा, त्यांतलं अंतर मोजा, शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला मोजा. अंतर स्थिर राहिलं तर खचणं जुनं आहे आणि थांबलेलं आहे. पावसात मिटते, उन्हाळ्यात उघडते अशी हालचाल दिसली तर खाली फुगणारी चिकण माती आहे आणि तिथे पाणी जायला-यायला काहीतरी वाट आहे. फुटका ड्रेनेज पाइप, भिंतीला लागून असलेलं मोठं झाड आणि थेट पायात पडणारी गच्चीची धार, हे तीन संशयित आधी तपासा. भेग रुंदीला ५ मिमीच्या पुढे असेल किंवा वाढत असेल, तर बाकी सगळं थांबवून पायाचं काम आधी.

पाया बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही, आणि तो बघण्याचा एकच मार्ग आहे. भेग असलेल्या भिंतीशी ३ बाय ३ फुटांचा खड्डा पायाच्या तळापर्यंत खणा. तळाच्या खाली बोटभरही जाऊ नका, आणि एका वेळी एकच खड्डा. पाया किती रुंद, किती खोल, विटा की दगड, चुना की सिमेंट की नुसती माती, खाली टणक मुरूम आहे की भराव, हे सगळं मोजून आणि फोटो काढून ठेवा. खड्डा बुजवताना माती ६-६ इंचांच्या थरांत ओली करून धुम्मसने चोपा. नुसती लोटून बुजवलेली माती हा पाणी थेट पायात नेणारा खड्डाच राहतो.

गवंड्याच्या गर्डरकडे येऊ. तुमची स्लॅब, एक कोबा आणि वरची वर्दळ मिळून दर चौरस फुटाला साधारण ६५ किलो धरा. मधल्या भिंतीवर दोन्ही बाजूंच्या खोल्यांची अर्धी-अर्धी, म्हणजे ५ आणि ५ अशी १० फूट रुंदीची स्लॅब टेकलेली आहे. खोल्या जवळपास चौरस असल्याने थोडा भार इतर भिंतींवर जातो, पण सुरक्षित हिशेबासाठी तो सोडून देऊ. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक फुटावर ६५० किलो. ८ फुटांचं तोंड पाडलं की सव्वापाच टन अधांतरी होतात आणि तुळईच्या प्रत्येक टोकाला २.६ टन उतरतात. बाजूला भिंतीचे २-२ फूट उरतात, त्यांवर आधीचाही भार आहेच. म्हणजे त्या दोन तुकड्यांवर स्लॅबचं ओझं फुटाला ६५० किलोवरून २ टनांकडे, तिपटीने जातं. तोंड १० फुटांचं केलं तर बाजूला एकेक फूटच उरतो आणि तेवढ्या विटेवर एवढा भार टाकणं म्हणजे जुगार. ८ फुटांचा आग्रह याच हिशेबातून आला आहे. आणि खड्डा खणून पाया बघा असं वर म्हटलं, त्याचं हेही एक कारण: तिप्पट भार शेवटी त्या दोन तुकड्यांखालच्या पायावर जाणार आहे. तोंड पाडताना जोत्याखालचा पाया सलग तसाच राहू द्या, तो भार थोडा पसरवतो.

काम करण्याची आमच्या मते सर्वांत भरवशाची रीत म्हणजे दोन चॅनेलची, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारख्या लोखंडी तुळयांची. भिंतीपासून २ फुटांवर, दोन्ही खोल्यांत, ३-३ फुटांवर लोखंडी टेकू लावायचे, वर आडवा वासा, खाली जाड फळी. फळीखाली फरशी पोकळ वाजत असेल तर ती आधी काढा, नाहीतर टेकू लावल्याचं नुसतं समाधान. मग भिंतीच्या एका बाजूने निम्म्या जाडीची, साडेचार इंची खाच पाडायची. दोन्ही टोकांना काँक्रीटचे ठोकळे बसवायचे, भिंतीची पूर्ण जाडी, दीड फूट लांब, ६ इंच उंच. ते घट्ट झाले की पहिला चॅनेल बसवायचा, टोकाला किमान ८ इंच टेकलेला. चॅनेल आणि वरच्या बांधकामामधली फट कोरड्यासर मॉर्टरने ठोकून-ठोकून भरायची. हे मॉर्टर मुठीत दाबल्यावर गोळा व्हावं आणि हाताला पाणी लागू नये, इतकंच ओलं. पातळ मॉर्टर सुकताना आकसतं, फट उरते, आणि टेकू काढल्यावर स्लॅब त्या फटीएवढी खाली बसते. घरभर दिसणाऱ्या बारीक भेगा तिथून येतात. आठवड्याने दुसऱ्या बाजूने दुसरी खाच, दुसरा चॅनेल, दोन्ही आरपार बोल्टने जोडायचे, पुन्हा आठवडाभर थांबायचं, आणि तेव्हा कुठे खालच्या विटा काढायच्या. टेकू सगळे एकदम काढायचे नाहीत. मधल्यापासून सुरुवात करून एकेक अर्धा फेरा सैल करत न्यायचे. चॅनेलचं माप इंजिनिअर हिशेब करून देईल. ८ फुटांच्या तोंडाला ६ ते ८ इंच उंचीचे लागतील असा अंदाज आहे. बसवण्याआधी प्रायमरचे दोन हात द्या आणि नंतर जाळी मारून गिलाव्यात झाका, कारण शेजारी स्वयंपाक होणार आहे आणि उघडं लोखंड वाफेने गंजतं, आगीत लवकर वाकतं.

ठेकेदाराचे चार कॉलम ऐकायला भक्कम वाटतात, पण त्यांचं गणित बसत नाही. विटांच्या घराचा जोर कोपऱ्यांत असतो, तिथे दोन भिंती एकमेकींना धरून उभ्या असतात. कॉलमसाठी नेमका तोच कोपरा फोडायचा, खाली ४ बाय ४ फुटांचा खड्डा घ्यायचा, म्हणजे एकाच वेळी दोन भिंतींचा पाया उघडा करायचा. एवढं करून कॉलम जुन्या स्लॅबच्या तळाशी नेऊन भिडवला, तरी काँक्रीट सुकताना आकसतं आणि केसाएवढी फट पडते. ती पडली नाही तरी आधीपासून भिंतीवर बसलेला भार आपण होऊन कॉलमवर सरकत नाही. जुनी स्लॅब जुन्या भिंतींवरच राहते, आणि कॉलम नुसते शेजारी उभे. ते खरोखर उपयोगी पडायचे तर अख्खा वरचा मजला घरावर टेबल ठेवल्यासारखा, पाय भिंतींच्या बाहेर घेऊन, जुन्या स्लॅबला न टेकता उभा करावा लागेल. २२ फुटांपेक्षा लांब तुळया, त्याही दीड-दोन फूट खोल. तो खर्च करण्याची तयारी असेल तर जुनं घर ठेवण्यात अर्थ उरत नाही.

जुन्या भिंतींवरच मजला का नको, याचा हिशेब छोटा आहे. १० फूट उंच ९ इंची विटांच्या भिंतीचं वजन फुटाला ४०० किलो. तिच्यावर नवी स्लॅब आली की आणखी ६०० च्या आसपास. आज ६५० किलो घेणाऱ्या मधल्या भिंतीला आणखी हजार किलो. ४० वर्षांपूर्वी पाया बांधणाऱ्याने ही सोय ठेवली होती का, ते खड्डाच सांगेल, पण खिडकीच्या कोपऱ्यात भेग असताना होकार मिळण्याची आशा धरू नका. वर खोली हवीच असेल तर हलकं बांधकाम: ४ इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत, प्लॅस्टरसकट फुटाला ११० किलोच्या आत, आणि वर लोखंडी सांगाड्यावर इन्सुलेशनचा पत्रा, जो स्लॅबच्या दहाव्या हिश्श्याएवढाही जड नसतो. भिंती खालच्या भिंतींच्या डोक्यावरच याव्यात, स्लॅबच्या पोटावर नाही. हलक्या छताचा धोका उलटा असतो: वारा ते वर उचलतो. सांगाड्याचे पाय स्लॅबला नुसते अँकर बोल्टने न बांधता भिंतींच्या डोक्यावरून फिरणाऱ्या काँक्रीटच्या सलग पट्ट्यात अडकवा. भूकंपातही तो पट्टा भिंतींना एकत्र धरतो.

मागचा वाढीव भाग हे तुमच्या घरासाठी खरं उत्तर आहे, आणि इथे नियोजनाच्या चुका बांधकामाच्या चुकांपेक्षा महाग पडतात. पहिली चूक तुम्ही आत्ताच करण्याच्या बेतात असाल. झोपायच्या खोलीची खिडकी मागे उघडते. तिला लागून नवी खोली बांधली की ती खोली कायमची अंधारी, कोंदट बोळ होते. वाढीव भाग इंग्रजी एल अक्षरासारखा न्हाणीघराच्या बाजूने मागे न्या आणि त्या खिडकीसमोर किमान ४-५ फुटांचं मोकळं आकाश ठेवा. खिडक्यांचं मिळून क्षेत्र खोलीच्या फरशीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी नको. हद्दीपासून किती अंतर सोडायचं आणि परवानगी कशी, हे तुमच्या स्थानिक नियमांप्रमाणे नकाशा करण्याआधीच विचारून घ्या.

आई-वडिलांची खोली आणि त्यांचं न्हाणीघर या नव्या भागात, तळमजल्यावर, जुन्या फरशीच्या पातळीला. न्हाणीघराची जागा ठरवण्याआधी एक माप घ्या, जे कुणीच घेत नाही: मुख्य ड्रेनेज चेंबरमध्ये पाइप जमिनीपासून किती खोल आहे. तो पुढच्या अंगाला असेल आणि नवा संडास मागे, तर पाइप ४०-४५ फूट लांब जाईल. ५० ला १ उतार धरला तर ४५ फुटांत जवळपास ११ इंच उतार लागतो, त्यात संडासाचं वळण आणि पाइपावरची माती वेगळी. चेंबर उथळ निघाला तर न्हाणीघराची फरशी पायरीभर उचलावी लागते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेमकी तीच पायरी नको असते. प्रत्येक वळणाला चेंबर ठेवा, नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीच्या जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या भांड्यात) २ इंच पाणी उभं राहील असाच ट्रॅप घ्या. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, दार बाहेर उघडणारं, कारण आत पडलेला माणूस आत उघडणारं दार अडवतो. आधाराचे दांडे पोकळ ब्लॉकवर टिकत नाहीत. ते येणार तिथे बांधतानाच भरीव विटा किंवा काँक्रीट घाला, साधारण पावणेतीन फूट उंचीवर.

नव्या भागाचा पाया जुन्या पायाच्या तळाच्याच पातळीला बसवा. जुन्या तळाखाली खणायची वेळ आली तर इंजिनिअर शेजारी हवा आणि काम ३-४ फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक. नवं बांधकाम पहिली वर्ष-दोन वर्षं थोडं बसतंच. जुनं बसून झालेलं असतं. म्हणून दोघांमध्ये इंचभराचा सांधा पायापासून छतापर्यंत सलग सोडा, त्यात दबणारी पट्टी आणि वर सीलंट. छतावर सांध्यावरून धातूचा पट्टा, एकाच बाजूला ठोकलेला, म्हणजे दुसरी बाजू सरकू शकते. जोडणाऱ्या दाराची चौकट एकाच इमारतीत बसवा, दोन्हींत अडकवलेली चौकट वर्षभरात तिरकी होते. जुन्या स्लॅबच्या कडेला ड्रिल मारून सळया खोचून नवी स्लॅब टांगण्याचा प्रस्ताव येईल. नाही म्हणा. नवी स्लॅब नव्या तुळयांवर. आणि जोत्यातला भराव ६-६ इंचांनी पाणी मारून चोपलेला हवा. वाढीव खोलीची फरशी भिंतीच्या कडेने खाली बसते ती बहुतेक वेळा याच हलगर्जीने.

जिना पुढेमागे वर जायचं म्हणून आत्ताच नव्या भागात धरा, आणि त्याची जागा आधी मोजा. मजल्याची उंची स्लॅबसकट १० फूट ५ इंच, म्हणजे १२५ इंच. १८ पायऱ्या केल्या तर प्रत्येकीची उंची ७ इंचांच्या किंचित आत. १० इंचांची रुंदी घेऊन वळणाचा जिना, ९ आणि ९ पायऱ्यांचा, ३ फूट रुंद: सव्वासहा फूट बाय पावणेदहा फूट लागतात. म्हणजे ६० चौरस फूट, खालीही आणि वरही. हे क्षेत्र नकाशात न धरल्यामुळे शेवटी ८-९ इंची पायऱ्यांची शिडी होते आणि वरची खोली फक्त मुलांच्या कामाची राहते.

भिंतींना धरलेल्या लोण्याचं, म्हणजे ओल आणि क्षारांचं, काम सोपं आहे, फक्त लोक ते उलट्या क्रमाने करतात. आधी बाहेरची जमीन बघा. ती घरातल्या फरशीपेक्षा किमान ६ इंच खाली हवी. वर्षानुवर्षं अंगणात माती आणि फरश्या चढत गेल्याने ती बहुधा बरोबरीला आलेली असते. ती उतरवा, भिंतीपासून दूर उताराचा पट्टा करा. आतला गिलावा लोण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत विटेपर्यंत काढा, भिंत काही आठवडे उघडी सुकू द्या. मग जोत्याच्या पातळीला ४-४ इंचांवर अर्ध्या इंचाची भोकं पाडून सिलेनचं (विटेतून पाणी वर चढू न देणारं) क्रीम भरा. त्यानंतरच चुन्याचा किंवा क्षार सोसणारा गिलावा. कडक सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि ती गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढते. ओल भिंतीतून येते की घरातल्या वाफेची आहे अशी शंका असेल तर फूटभर अॅल्युमिनियमचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. पाणी कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला आलं तर ओल भिंतीतली.

वायरिंग ४० वर्षांचं असेल तर नवंच: दिव्यांना दीड, सॉकेटना अडीच, गीझर-एसीला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, प्रत्येक जड उपकरणाला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). अर्थिंग तपासून घ्या. पण इथेही भिंतीच आठवा. ९ इंची भिंतीत उभी खाच ३ इंचांपेक्षा आणि आडवी दीड इंचापेक्षा खोल नको. इलेक्ट्रिशियन कटर घेऊन खोलीभर आडवा फिरला तर भिंत त्या रेषेवर कमजोर होते. वायर छताजवळून आडवी न्या आणि उभी खाली आणा. जे दोन २ फुटांचे तुकडे तोंडाच्या बाजूला उरणार आहेत त्यांत एकही खाच किंवा स्विचबॉक्स नको.

आता क्रम. गच्ची आणि बाहेरचं पाणी पहिलं, मग स्लॅबची दुरुस्ती, मग मागचा वाढीव भाग न्हाणीघरासकट पूर्ण. तो राहण्याजोगा झाला की सगळे मागे सरका आणि पुढच्या भागातलं तोंड, वायरिंग, गिलावा, फरशी घ्या. असं केलं तर संडास एकही दिवस बंद राहत नाही आणि आई-वडिलांना धुळीत राहावं लागत नाही. ठेकेदाराशी एकरकमी न बोलता वस्तुवार, मोजमापाने ठरवा. जुन्या घरात भिंत उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, त्यासाठी १५ टक्के बाजूला ठेवा. नव्या स्लॅबला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे २५ लिटरच्या आसपास पाणी, त्याहून जास्त ओतताना दिसलं तर काम थांबवा. स्लॅबवर किमान ७ ते १० दिवस पाणी उभं, आणि तुळयांखालचे टेकू १४ दिवसांआधी काढू देऊ नका, सेंट्रिंगवाला दुसऱ्या कामासाठी प्लेट मागायला आला तरी.

भेगेच्या दोन्ही बाजूंच्या पेन्सिलीच्या फुल्या मात्र आजच काढून ठेवा. इंजिनिअर येईपर्यंत दोन-तीन महिन्यांची मोजमापं हातात असतील.